उकंड्यावरचा दिवा

लहानूले बसता येत नव्हतं, हे पयले समजून घ्या. पायाचं येगळं हाये, ते येईनच पुढं. पण बसणं म्हणून जे असते ना, ते त्याच्या अंगातच नव्हतं. जेवाले बसला तरी एक गुडघा वर, जसा आता कोनी आवाज देईन आन् हा ताट सोडून पळन. कोसमडोहच्या कॉलेजात तो ग्राउंडमन होता. त्या कॉलेजच्या स्टेडियमच्या पायऱ्यायवर तालुक्यातली सारी माणसं बसून गेली, सावली गावचे व्यापारी बसले, नागभीडचे रेल्वेवाले बसले, आमदारबी बसले. एक लहानू तेवढा कधी बसला नाई.

स्टेडियम म्हणजे नागपूरसारखं नव्हतं म्हणा. एका अंगाले सिमेंटच्या पायऱ्या, वर टिनाचं छप्पर, बाकी साऱ्या अंगाले बांबूच्या ताट्या. पण असं दुसरं त्या अख्ख्या झाडीपट्टीत कुठी होतं ते कोनी दाखवावं. गडचिरोली चांदा जिल्ह्यातून फुटून नवा जिल्हा होऊन दोन-चार वरसं झाली होती तवाची गोष्ट. एटापल्लीकडचे पोट्टे एस्टीत हाडं खिळखिळी करून इथी खेळाले येत आन् ते टिनाचं छप्पर पाहून त्यायचं तोंड उघडंच राहे. आन् त्या स्टेडियमची चावी कोनापाशी? लहानूपाशी.

आता कचऱ्याचं सांगाले पाह्यजे, काऊन का सारी गोष्ट कचऱ्याचीच हाये.

खेळाचा दिवस म्हणजे कोसमडोहले जत्राच. श्रावणच्या ठेल्यावरचे आलूबोंडे, त्यावरची तर्री, भुईमुंगाच्या शेंगा, संत्री, सीताफळं, गोळीवाल्या सोड्याच्या बाटल्या. मॅच संपली का पायऱ्या दिसतच नसत. सारा कचरा झाडून पायऱ्यायच्या कडेले लोटत आन् काडी लावत. उरलेली राख पावसाळ्यात ग्राउंडवर जिथी जिथी खोलगट झालं तिथी टाकत आन् वरून मुरूम पसरवत. फुकटातलं भरण होतं, कोनाले वाईट वाटत नव्हतं.

पण आगीत कागद जळते, साल जळते. काच जळत नाई. काच त्या राखेत तशीच पडून राहे.

लहानू त्या वक्ती कॉलेजच्या पयल्या वर्षाले होता. खो-खो खेळे. खेळे म्हणजे काय, पळाले लागला का पाहणाऱ्याची मान दुखे. खांबाजवळ असा वाकून निसटे का मागचा पोट्टा खांबालेच मिठी मारे. अनवाणी पायानं खेळत तवा, जोडे कोनापाशी होते? एका फायनलले त्यानं खांबापासून उडी मारली आन् टाच पडली ती सरळ त्या राखेवरच्या मुरमात. सोड्याच्या बाटलीचा तुकडा टाचेत आतपर्यंत गेला. पाय पिकला. दवाखान्यात महिना गेला. पाय वाचला, पण टाच जमिनीले लावता येईना. पळणं संपलं, शिकणंबी त्याच्यासंगं संपलं. प्रिन्सिपल साहेबाले दया आली, त्यायनं त्याले ग्राउंडवर लावून घेतलं.

ज्या ग्राउंडनं पाय घेतला त्याच ग्राउंडची चाकरी. दुसरा असता तर दारूले लागला असता. लहानू कामाले लागला.

एका उन्हाळ्यात तो प्रिन्सिपल साहेबापुढं जाऊन उभा राह्यला. बाजूच्या खुर्चीवर खेळाचे शिक्षक गुणवंतराव सर चहा पिऊन राह्यले होते.

"साहेब, आता कचरा जाळाचा नाई," लहानू म्हणे. "पायऱ्यायच्या कडेले एक गड्डा खोदू द्या. साल, टरफलं, खरकटं, सारं त्यात जाईन. कागद येगळा, काच आन् टिन येगळं. ते कबाड्याले देऊ. गड्ड्यातलं सडून खात होईन, ते ग्राउंडले टाकू. आन् ती जुनी राख मी सारी उकरून काढतो."

गुणवंतराव सरायनं कप खाली ठेवला. "स्टेडियमचा उकंडा करतं का बे? डिसेंबरात साऱ्या कॉलेजायचे खो-खोचे सामने आपल्या इथी हायेत. पाहुणे काय नाकाले रुमाल लावून बसतीन?"

"वास नाई येनार सर."

"उकंड्याले वास नाई येनार? मंग काय अत्तर येईन?"

प्रिन्सिपल साहेब हसले. पुण्याकडचे होते, सारं मोजून-मापून बोलत. "गुणवंतराव, डिसेंबरपर्यंत करू द्या त्याला. सामन्यांच्या आधी खत तयार झालं, राख निघाली आणि मैदान चांगलं झालं, तर खड्डा राहील. नाही झालं, तर त्यात मुरूम भरायचा आणि पूर्वीसारखं जाळायचं. कबूल?"

"कबूल," लहानू म्हणे. आन् त्याच दिवशी लोखंडी सब्बल घेऊन खोदाले भिडला.

त्याचा मोठा भाऊ देवराव. कॉलेजच्या फाटकासमोर त्याचं सायकलीचं दुकान. रोडवाल्यायनं टाकून देलेले डांबराचे ड्रम देवरावनं छिन्नीनं कापले, सायकलीचा रंग मारला. हिरवा ड्रम ओल्या कचऱ्याचा, पांढरा कागदाचा, लाल काच-टिनाचा. पंक्चर काढता काढता तो येणाऱ्या-जाणाऱ्याले ऐकवे, "पाहून घ्या! असे ड्रम नागपूरच्या स्टेडियमात नाईत. माह्या भावाची आयडिया हाये."

"मंग तुह्या भावाले नागपूरले पाठव ना," श्रावण ठेल्यावरून म्हणे. "इथचे लोक तरी सुखानं आलूबोंडा खातीन."

श्रावणचं आन् लहानूचं रोजचंच होतं. श्रावण आलूबोंडा पेपरच्या तुकड्यावर दे. तेल लागलेला पेपर कबाडी घेत नाई आन् गड्ड्यात लवकर सडत नाई. लहानू त्याच्या डोक्यावर बसला, पळसाच्या पानाचा दोना वापर.

"पान कोन आनन? तुहा बाप?"

"मी आनतो. तोडून, टाचून देतो."

"आन् गिऱ्हाईक म्हणन, श्रावण मागच्या जमान्यात गेला."

"गिऱ्हाईक तुही तर्री खाते का पेपर वाचते?"

श्रावणनं शिव्या देल्ल्या आन् दोने घेतले. हप्त्याभरानं तोच सांगू लागला का दोन्यात तर्री जास्त मावते, गिऱ्हाईक खूश हाये. लहानूचं बोलणं असं होतं, समोरचा पयले चिडे आन् मंग करे.

पण ड्रम ठेवले म्हणून लोकं त्यात टाकतेत का? हातातलं साल जिथी बसले तिथीच. लहानूच्या जिवाची काहिली होई. सामना चालू असला का तो पायऱ्यायवरून वर-खाली, वर-खाली, उचललेल्या टाचेनं टप-टप करत. "काका, हिरव्यात! अगा तिथी नाई, लाल्यात, लाल्यात!" शेवटी त्यानं गळ्यात एक जुनी शिट्टी अडकवली. कोनी कचरा टाकला का फुर्रर्र. ज्याच्याकडं बोट त्याले साऱ्यायसमोर उठून ड्रमापर्यंत जा लागे.

त्यातूनच पयला घोळ झाला. ऑगस्टात कबड्डीचे सामने होते. नागभीडचा चढाईवाला पोट्टा आपल्या पोट्ट्यायच्या कोर्टात घुसला होता, दम धरून, बोटं लांब करून. तेवढ्यात वरच्या पायरीवरच्या एकानं सोड्याची बाटली ड्रमात न टाकता पुढं ग्राउंडाकडं भिरकावली. काच! ग्राउंडवर! लहानूनं जीव खाऊन शिट्टी मारली. नागभीडच्या पोट्ट्याले वाटलं पंचाची शिट्टी. त्यानं दम सोडला आन् सरळ उभा राह्यला. आपल्या पोट्ट्यायनं त्याले गवताच्या भाऱ्यासारखा दाबला.

"शिट्टी झाली ना बे!" तो खालून बोंबलून राह्यला.

"मी नाई वाजवली," पंच म्हणे.

"मंग कोनं वाजवली? तुह्या काकानं?"

इकडचे उठले, तिकडचे उठले. लहानू मधात बाटली हातात धरून उभा, "हे पाहा, हे पाहा कोनं टाकली," पण त्याचं ऐकते कोन. गुणवंतराव सर पळत आले, त्यायनं पयले त्याच्या गळ्यातली शिट्टी ओढून खिशात टाकली. तवापासून गावात त्याचं नाव पडलं, उकंड्याचा रेफ्री. देवरावनं त्या नावासाठी दोघा-तिघांशी भांडण केलं. लहानूनं नाई. त्याले भांडाले टाइम नव्हता. डिसेंबर येऊन राह्यला होता.

गड्डा भरला. सालीचा थर, दोन्यायचा थर, त्यावर शेणाचा काला, त्यावर माती. वरून धानाच्या तणसाचं झाकण. बाजूले जास्तीच्या सुकल्या दोन्यायचा ढीग, पाळीपाळीनं टाकासाठी. ढिगाच्या पलीकडं लाल ड्रम, बाटल्यायनं भरलेला, दिवाळीनंतर कबाडी नेणार होता.

आन् लहानूचा जीव त्या गड्ड्यात अडकला. सकाळी झाकण काढे, हात घाले. गरम हाये का? दुपारी पुन्हा. सांजच्याले सब्बल आत खुपसून बाहेर काढे आन् तिले गालाले लावून पाहे. कधी गरम लागे, कधी थंडच. थंड लागलं का त्याले घास गोड लागत नसे. मंग सारं वर-खाली करे, पुन्हा झाके, पुन्हा उघडे. घरी येऊन ओसरीवर फेऱ्या.

त्याची माय बायनाबाई धानाच्या बांदीत उभं आयुष्य गेलेली बाई. एक दिवस म्हणे, "लहान्या, मी चुलीवर भात ठेवला आन् घडीघडी झाकन काढून पाह्यलं तर तो शिजन का रे?"

"पन आत काय होऊन राह्यलं ते समजन कसं माय?"

"नाई समजत. झाकून ठेवाचं असते आन् दुसऱ्या कामाले लागाचं असते."

लहानू हो म्हणे आन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथीच.

दिवाळी आली. कॉलेज बंद, पोट्टे आपापल्या गावाले. लक्ष्मीपूजनाची सांज. आपल्याकडची रीत साऱ्यायले माहीत हाये, तुळशीपाशी दिवा, गोठ्यात दिवा, विहिरीवर दिवा आन् एक दिवा उकंड्यावर. वर्षभर घरातलं सारं पोटात घेऊन वावराले देते, त्याले दिवाळीले अंधारात ठेवाचं नाई. बायनाबाईनं पणत्या भरल्या आन् एक जास्तीची लहानूच्या हातात देल्ली.

"हा तुह्या कॉलेजच्या उकंड्यावरचा."

"तिथी नाई लागत माय. सर रागावतीन."

"उकंडा कोनाचा? सराचा का तुहा?"

"माहा."

"मंग जाय. आन् ऐक, दिव्यापाशी बस. तेल सरेपर्यंत बस. लावला आन् पळाला असं करू नको."

लहानू पणती तळहाताच्या आडोशानं घेऊन गेला. गड्ड्याच्या काठावर, मातीवर बेतानं ठेवली. हात जोडले. बसासाठी खाली वाकलाबी. तेवढ्यात त्याले आठवलं का पूर्वेच्या ताटीची साखळी लावली का नाई. गायी घुसल्या तर खो-खोचं ग्राउंड तुडवतीन. झालं, माणूस उठला आन् गेला. तिकडं साखळी लावता लावता ताटीचा एक बांबू ढिला दिसला, तो बांधाले लागला.

पळसाचा सुकला दोना कसा असते? जरासा वारा आला का चालाले लागते. ढिगातला एक दोना घरंगळत आला आन् पणतीवर बसला.

ढीग पेटला. ढिगातून ताटी पेटली. बांबू फुटला का फटाक्यासारखा वाजते, आन् गावात सारीकडं फटाकेच वाजून राह्यले होते. कोनाच्या ध्यानात आलं नाई. श्रावण ठेला बंद करत होता, त्याले टिनाच्या छपरावर लाल उजेड दिसला.

"लहान्या! अबे, तुहा उकंडा पेटला!"

लहानू आला तो टाच टेकवतच आला, दुखण्याची शुद्ध नव्हती. पाणी दूर. त्यानं लांब उडीच्या खड्ड्यातली रेती घमेल्यानं उचलली आन् फेकाले लागला. देवराव दुकानातून बादल्या घेऊन आला, श्रावण पोतं भिजवून. तेवढ्यात लाल ड्रम तापला. आतल्या बाटल्या एकामागं एक फुटाले लागल्या, आन् काच उडून चारी अंगाले पडली. गड्ड्यावर, गवतात, रेतीत.

आग इझली. त्या अंगाच्या ताट्या गेल्या. सामन्याचे नवे खांब तिथीच टेकवून ठेवले होते, ते काळे झाले. आन् ज्या गड्ड्यात काचेचा एक कण जाऊ नये म्हणून त्यानं उन्हाळ्यापासून जीव आटवला, त्यावर काच अशी चमकून राह्यली होती जशी कोनी साखर पेरली.

सकाळी प्रिन्सिपल साहेब आन् गुणवंतराव सर आले. सरायनं काळ्या खांबाले हात लावून पाह्यला आन् म्हणे, "गावातल्या पोट्ट्यायचं काम हाये साहेब. रॉकेट सोडले असतीन इकडं."

देवराव बाजूलेच होता. त्यानं लहानूचा सदरा मागून ओढला. गप राय म्हणून. सर सोताच म्हणून राह्यले होते ना फटाके, मंग आपलं काय जाते?

"फटाके नाई सर," लहानू म्हणे. "माहा दिवा होता. उकंड्यावर ठेवला होता, दिवाळीचा."

गुणवंतराव सर काळे झालेले हात झाडत म्हणे, "आग लावू नका, आग लावू नका म्हनून सारं वरीस तू बोंबलला. आन् आग लावली कोनं? तूच!"

लहानू खाली वाकून काच येचाले लागला.

प्रिन्सिपल साहेब म्हणे, "सुट्ट्या संपल्या की यात मुरूम भरायचा. तोपर्यंत इथल्या कशालाही कुणी हात लावायचा नाही."

देवराव रस्त्यानं भडकला. "खोटं कोन बोल म्हणत होता तुले? नुसतं गप राहाचं होतं."

"राह्यलो असतो," लहानू म्हणे. "मंग पोट्ट्यायवर गेलं असतं."

देवराव पुढं दुकानात बसून म्हणे, "माहा भाऊ खोटं बोलनार नाई, मंग नोकरी गेली तरी बेहत्तर!" आता ते खरंच होतं, तर त्यानं काऊन म्हणू नये?

ती सुट्टी लहानूनं कशी काढली ते बायनाबाईले विचारा. गोठा शाकारला, पुन्हा उसकटला, पुन्हा शाकारला. देवरावच्या दुकानात जाऊन एका सायकलीचे आरे काढले, ते त्याले बसवता येईना. सांजच्याले स्टेडियमच्या रस्त्यानं जाये, फाटकापाशी थांबे, परत ये. हात लावाचा नाई म्हणजे नाई.

सुट्ट्या संपल्या. मुरमाची बैलबंडी आली. गुणवंतराव सर कमरेवर हात ठेवून उभे. लहानूनं फावडं उचललं आन् थांबला.

"सर, एक म्हनू का?"

"म्हन."

"आत काच हाये. काचेवर मुरूम टाकला का पुन्हा तेच होईन. उद्या कोनी हा गड्डा उकरन, ती माती ग्राउंडवर नेईन. वरचा थर काढू द्या. काच बाहेर नेतो, मंग भरतो."

सरायनं त्याच्या टाचेकडं पाह्यलं. त्या फायनलले तेच पंच होते. "काढ," म्हणे.

लहानूनं राख काढली, काच काढली, भाजलेला तणस काढला. खाली मातीचा थर आगीनं भाकरीसारखा टणक झाला होता. त्यानं सब्बल मारली, तो थर फुटला आन् आतून वाफ निंगाली. खरोखरची वाफ, थंडीच्या सकाळी दिसते तशी. खाली काळंभोर, मोकळं. ना साल दिसे ना दोना.

सर चटकन उकिडवे बसले. सावलीजवळच्या धानवाल्या घरचे होते ते, पँट घातली म्हणून काय झालं. मूठभर उचललं, चोळलं, नाकापाशी नेलं. "अबे, हे तं खात झालं. किती रोज उघडलं नाई हे?"

"तुमीच उघडू देल्लं नाई सर."

सर हसले, लय दिवसानं. मंग हसणं थांबवून म्हणे, "खाली होईन खात. पन काच वरून आत गेली असन त्याचं काय?"

"चाळतो."

"किती चाळशीन?"

"जोवर निंगन तोवर."

सर उठले, हात झाडले. "साहेबाशी मी बोलतो. मुरूम राहू दे बाजूले. पन ऐक लहानू. सामन्याच्या आंधी मी सोता जोडे काढून साऱ्या ग्राउंडवर चालन. पायाले एक कन लागला, तर हा गड्डा बुजला समज. मंग मले काई म्हनू नको."

तवापासून तर त्याच्या घरच्यायचीबी झोप गेली. लहानूनं ग्राउंडातल्या जुन्या राखेच्या जागा उकरल्या, त्यातली काच येगळी काढली. रेती चाळाची मोठी चाळणी उभी केली. खात चाळलं. पुन्हा चाळलं. लांब उडीची रेती चाळली. बायनाबाई खाली बसून बोटानं निवडे, तांदळातले खडे निवडतेत तशी. श्रावण ठेला लावाच्या आंधी येऊन दोन घमेली टाके, "लेका, तुह्या नादानं माह्या आलूबोंड्याले खाताचा वास येऊन राह्यला," म्हणे. देवरावनं बोडीतला, लहान तळ्यातला, गाळ बंडीनं आणला. गाळ आन् खात कालवून त्या खोलगट जागा भरल्या, पाणी मारलं, रूळ फिरवला. लहानू वरून तळहात फिरवत जाये. एक तुकडा सापडला का त्याले बरं वाटे, आन् लगेच भेव वाटे का हा राह्यला होता तर आणखी किती राह्यले असतीन.

सामन्याच्या आदल्या सकाळी सर आले. धुकं होतं, गवत ओलं. त्यायनं जोडे काढले, मोजे काढले, पँट वर दुमडली.

"एवढ्या थंडीत, सर?" देवराव म्हणे.

"पोट्टे बी थंडीतच पळनार हायेत ना?"

आन् चालाले लागले. या खांबापासून त्या खांबापर्यंत, मंग परत. लहानू काठावर उभा. तोबी आज हलत नव्हता. सर जिथी जिथी भरलेल्या जागेवर पाय ठेवत, तिथी तिथी लहानूची टाच दुखे. ग्राउंडच्या मधात आले आन् सर थांबले. पाय उचलला. वाकून तळव्याले काई लागलं होतं ते काढलं. काळं, चमकणारं.

"लहानू, इकडं ये."

ते अंतर किती होतं? काईच नाई. लहानूले ते जाता जाईना.

सरायनं मूठ उघडली. सीताफळाची बी.

"हे काऊन नाई कुजलं बे?"

लहानूनं ती बी हातात घेऊन उलटी-सुलटी पाह्यली. शेवटी म्हणे, "त्या नाई कुजत सर. ढीट असतेत."

"तुह्यासारख्याच," सर म्हणे आन् पुढं चालाले लागले. सारं ग्राउंड चालले. मंग काठावर येऊन इकडंतिकडं पाह्यलं. "माहे जोडे कुठी गेले?"

जोडे लहानूच्या छातीशी होते. कवा उचलले त्यालेच माहीत नाई.

दुसऱ्या दिवशी सामने सुरू झाले. रेल्वेच्या छोट्या गाडीनं नागभीडकडचे आले, एस्टीनं एटापल्लीकडचे. पायऱ्या भरल्या. सरायनं लहानूले बोलावून खिशातली शिट्टी देल्ली. "घे. पन खेळ चालू असताना नाई. अजिबात नाई."

एटापल्लीकडचा एक सडपातळ पोट्टा होता. खांबापासून त्यानं अशी उडी मारली का सारं स्टेडियम उठून उभं राह्यलं. टाच पडली ती बरोबर त्या जागेवर जिथी लहानूची पडली होती. पोट्टा उठला आन् पळाला. टाच पाह्यली नाई त्यानं. ती लहानूनं पाह्यली.

गड्डा राह्यला. त्याच्या बाजूले दुसरा खोदला, एक भराले आन् एक पिकाले. खाताच्या जागी पुढल्या पावसाळ्यात सीताफळाची रोपं उगवली, ती लहानूनं काढून ताटीच्या कडेनं लावली. ज्यायले खोटं वाटते त्यायनं जाऊन पाहावं.

आन् पुढल्या दिवाळीले बायनाबाईनं पुन्हा जास्तीची पणती भरली. लहानूनं आता काशाची परात घेतली, तिच्यात पाणी भरलं, मधात विटेचा तुकडा ठेवला आन् त्यावर पणती. सुके दोने आधीच दूर नेऊन झाकले होते. परात गड्ड्याच्या काठावर ठेवली. मंग बाजूलेच, सगळ्यात खालच्या पायरीवर, तो बसला. दोन्ही गुडघे खाली.

श्रावण ठेला बंद करून चालला होता. पाहून थांबला.

"काय गा? आंगात ताप हाये का?"

"नाई."

"मंग बसून काऊन राह्यला?"

"गप. दिवा जळून राह्यला."

मंग श्रावणबी एक पायरी वर येऊन बसला. पूर्वेच्या ताटीची साखळी वाऱ्यानं खणखणली. लहानूचे डोळे तिकडं गेले, हातबी गुडघ्यावर आला.

"जा ना लेका, मी हावो इथी," श्रावण म्हणे.

लहानूनं मान हलवली. पणतीत तेल अजून होतं.